तुम्ही चित्र कसं काढता ते आधी सांगा

हेडफोन लावलेत ना? आज जायचंय जर्मनीत, श्टुटगार्टला. साल १९६५, महिना फेब्रुवारी. तिथल्या तंत्रविद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माक्स बेन्झे यांनी एक छोटंसं प्रदर्शन भरवलंय. भिंतीवर कागद, कागदांवर नुसत्या रेघा. चित्रकार कोण? सीमेन्स कंपनीत काम करणारे गणितज्ञ गेओर्ग नीस. त्यांनी प्रोग्राम लिहिला आणि पेन धरून कागदावर फिरणाऱ्या यंत्राने, म्हणजे प्लॉटरने, त्या रेघा मारल्या. संगणकाने काढलेल्या चित्रांचं हे जगातलं पहिलं प्रदर्शन मानलं जातं.

उद्घाटनाला काही चित्रकारही आले होते, आणि तिथे वातावरण तापलं. एकाने विचारलं, तुमचं हे यंत्र माझ्या शैलीत चित्र काढेल का? नीस म्हणाले, काढेल की! फक्त एक अट आहे. तुम्ही चित्र कसं काढता, ते आधी मला सांगा. झालं, मंडळी भडकली. काही जण उठून चालू लागले. त्यांना शांत करायला बेन्झे म्हणाले, अहो, ही तर कृत्रिम कला आहे!

मला ती अट फार आवडते. आज आपल्या फोनमधलं एआय कुणाच्याही शैलीत चित्र काढून देतं, पण त्या चित्रकाराला कुणी काही विचारत नाही.

आता गंमत बघा. हा किस्सा आपल्याला कळतो तो मुख्यतः फ्रीडर नाके यांच्यामुळे. ते स्वतः त्याच काळात प्लॉटरवर चित्रं काढत होते. म्हणजे साक्षीदारही त्याच गोटातला! कलेच्या इतिहासकाराला हे लक्षात ठेवावं लागतं. त्या वेळी निघालेली एक छोटी पुस्तिका मात्र पक्का पुरावा आहे. तिच्यात चित्रं आहेतच, शिवाय प्रोग्राम काय करतो हेही लिहिलंय.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत बेल लॅब्जच्या मायकेल नोल आणि बेला युलेश यांची चित्रं लागली. नोल यांनी एक प्रयोगही केला. मोंड्रियानचं १९१७ सालचं एक रेघांचं चित्र आणि तसंच संगणकाकडून काढून घेतलेलं दुसरं, अशी दोन्ही १०० जणांना दाखवली. ५९ जणांना संगणकाचं जास्त आवडलं. संगणकाचं कुठलं, हे फक्त २८ जणांना ओळखता आलं. अर्थात दाखवल्या होत्या झेरॉक्स. मूळ कॅनव्हास समोर असता तर? मला तरी हा सामना थोडा एकतर्फी वाटतो.

खरी लढाई झाली कॉपीराइटची. नोल यांनी आपल्या एका चित्राची नोंदणी करायला अर्ज केला. उत्तर आलं, हे तर यंत्राने काढलंय, नोंदणी होणार नाही. ते म्हणाले, प्रोग्राम माणसाने लिहिलाय. मग दुसरी हरकत आली, यात रँडम आकडे आहेत. त्यावर नोल यांनी समजावलं, की दिसायला रँडम असले तरी ते आकडे काढायची पद्धत शुद्ध गणिती आहे. तेव्हा कुठे नोंदणी झाली.

पण हे सगळे कागद पुढे गेले कुठे? संग्रहालयांना बराच काळ यात रस नव्हता. कलावाल्यांना ही चित्रं यंत्राची वाटायची. त्यामुळे बरंचसं घराघरांतल्या कपाटांत पडून राहिलं. ज्या मशीनवर ते प्रोग्राम चालले, ती भंगारात गेली. म्हणजे कागद गेला की सगळंच गेलं.

इथे येतात पॅट्रिक प्रिन्स. नाव पुरुषी वाटलं ना? पण या बाई, अमेरिकन कला-इतिहासकार. संगणक-ग्राफिक्सच्या ‘सिग्राफ’ परिषदेत १९८६ साली मागच्या वर्षांचा आढावा घेणारं कलाप्रदर्शन झालं, ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांनी चित्रं तर जमवलीच, पण निमंत्रणपत्रिका आणि इतर किरकोळ कागदही जपले. रद्दीवाल्याला देऊन टाकावेत असे! पण कुठलं प्रदर्शन कधी, कुठे झालं आणि त्यात कोण होतं, हे त्या रद्दीतूनच कळतं.

त्यांचा हा संग्रह पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेला. तिथल्या ब्रिटिश कॉम्प्युटर आर्ट्स सोसायटीचा संग्रहही त्याच संग्रहालयात आला. २००९च्या डिसेंबरात या चित्रांचं तिथे प्रदर्शन उघडलं. श्टुटगार्टमध्ये चित्रकार उठून गेले, त्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं होऊन गेली होती.