जीवदया आणि जयणा : नगरातील श्वानांचा दोन शतकांचा इतिहास

जीवदया हा जैन समाजाच्या आचारधर्माचा प्राण आहे. पाखरांसाठी चबुतरा, मुक्या जनावरांसाठी पांजरापोळ आणि दुष्काळात चारा-पाण्याची सोय ही कामे आपल्या पूर्वजांनी व्यापाराइतक्याच निष्ठेने केली. परंतु नगरातील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र या परंपरेची वारंवार कसोटी पाहत आला आहे. एका बाजूस मुका जीव आणि दुसऱ्या बाजूस रस्त्यावरून शाळेत जाणारे लेकरू, अशा पेचात दया कोणावर करावी, हा प्रश्न आजचा नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम इंग्रज सरकारने १८१३ मध्ये केला होता. पुढे प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले आणि बक्षिसाच्या लोभाने घरची पाळलेली कुत्रीही पकडली जाऊ लागली. पारशी समाजात अंत्यविधीच्या वेळी कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. हिंदू व जैनांस तर जीवहत्याच असह्य होती. ६ जून १८३२ रोजी कोट विभागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला व लष्कराच्या रसदीतही अडथळा आला. सरकारने लष्कर बोलावून दंगा मोडला आणि पुढाऱ्यांना अटक केली.

दंग्याने प्रश्न सुटला नाही. तो पुढे नेला व्यापाऱ्यांच्या शहाणपणाने. जमशेटजी जिजीभाई आणि भायखळ्याचे देरासर बांधणारे जैन श्रेष्ठी मोतीशा शेठ यांच्यासारख्या धुरीणांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लाग बसवून घेतला. जनावर मारू नका, असे सरकारला सांगणाऱ्यांनी त्याच्या पोषणाचा भार आपल्या वहीखात्यात नावे लिहिला, ही गोष्ट विसरता कामा नये.

दुसरा प्रसंग १९२६ सालचा, अहमदाबादचा आहे. गिरणीच्या आवारात शिरणारी सुमारे साठ कुत्री गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी मारविली. साराभाई स्वतः जैन कुळातले. त्यामुळे शहरात मोठा क्षोभ झाला. जीवदयावाद्यांनी गांधीजींकडे दाद मागितली, तेव्हा गांधीजींनी साराभाईंचा दोष मानला नाही. 'नवजीवन' व 'यंग इंडिया'मधून त्यांनी लेखमालाच लिहिली. कुत्र्याला धनी नसणे हा समाजाचाच प्रमाद आहे आणि दाराशी तुकडा टाकून त्याला रस्त्यावर सोडून देणे ही खरी दया नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अनेक जैन बांधवांना ते लेख कटू वाटले. हत्येबद्दलचा त्यांचा निष्कर्ष आपणास मान्य होण्यासारखा नाही. पण त्यांनी दाखविलेला प्रमाद मात्र नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरही महानगरपालिका कुत्री मारीतच राहिल्या. मुंबईत दरवर्षी हजारो कुत्री मारली जात, तरी रस्ते कधी मोकळे झाले नाहीत. कारण उघड आहे. उकिरडा तसाच राहिला की मेलेल्या कुत्र्याची जागा शेजारच्या भागातले कुत्रे घेते आणि उरलेल्यांची वीण पुन्हा भरून निघते. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासूनच निर्बीजीकरणाचा मार्ग दाखविला होता. मुंबईत १९९४ मध्ये कत्तल थांबली. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा; त्याखाली २००१ मध्ये श्वान जनननियंत्रणाचे नियम आले व २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

ही पद्धत सोपी पण शिस्तीची आहे. कुत्रे पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला छोटी खाच द्यावी, जखम भरेपर्यंत सांभाळावे आणि जेथून आणले तेथेच सोडावे. एका भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात २०१४ पासून हे काम नेटाने झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. जयपुरातही अशाच कामाने मोहिमेच्या क्षेत्रातील माणसांचा रेबीज जवळजवळ नाहीसा झाला. कामात खंड पडला, तर मात्र आधीचा खर्चही वाया जातो.

शस्त्रक्रियेने जिवाला पीडा होते, ती जैनांनी कशी मान्य करावी, अशी शंका काही श्रावक घेतात. शंका प्रामाणिक आहे. परंतु दर विणीत जन्मून उपासमारीने, रोगाने व गाड्यांखाली मरणाऱ्या पिलांची पीडा तिच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, हेही विसरता येत नाही. हा धोका बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा फुटपाथवर झोपणाऱ्याला अधिक असतो. पुण्य एकाचे आणि जोखीम दुसऱ्याची, असा हिशेब धर्माच्या वहीत बसत नाही.

२०२५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. दिल्ली परिसरातील कुत्री कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा ११ ऑगस्टचा आदेश २२ ऑगस्टला बदलण्यात आला. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे आणि ठरवून दिलेल्या ठिकाणीच अन्न द्यावे, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून पकडलेली कुत्री तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला. त्यामुळे निवाऱ्यांची गरज वाढली, आणि निवारा म्हणजे पांजरापोळच होय.

जैन आचारात दयेइतकेच महत्त्व जयणेला आहे. जयणा म्हणजे प्रत्येक कृतीतील सावधपणा. उरलेली पोळी रस्त्यावर टाकणे ही दया असेल. पण नेमलेल्या जागी, नेमल्या वेळी अन्न देणे, नंतर जागा स्वच्छ करणे, त्या कुत्र्याची लस झाली आहे का ते पाहणे आणि चावा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्या माणसाला तत्काळ रुग्णालयात पोहोचविणे, ही जयणा आहे. पूर्वजांनी कापसाच्या उलाढालीवर लाग दिला. एका कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा, लसीचा व चार दिवसांच्या निवाऱ्याचा खर्च प्रत्येक पेढीने वर्षातून एकदा उचलला, तर १८३४ ची ती परंपरा आपल्या गावातही जिवंत राहील.