देवगिरीचा दुर्ग

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) वेरुळाच्या वाटेने निघाले म्हणजे साधारण पंधरा किलोमीटरांवर सपाट रानातून एकाएकी वर उठलेला निमुळता डोंगर दृष्टीस पडतो. हाच देवगिरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव नृपती पाचवा भिल्लम याने येथे राजधानी केली. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे आणिली व नगरास दौलताबाद हे नाव दिले. ते नाव टिकले, राजधानी मात्र टिकली नाही.

डोंगराची उंची सहाशे फुटांच्या आसपास. परंतु दुर्गाचे खरे सामर्थ्य उंचीत नाही. कडे चोहोंकडून भिंतीसारखे उभे तासले असून पायथ्याशी कातळातच खोल खंदक खोदला आहे. तो ओलांडावयास पूर्वी एकच चिंचोळा पूल होता. पुढे वाट शिरते ती ‘अंधारी’ नामक वळणावळणाच्या भुयारात. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी जाळी घालून तीवर आगटी पेटवीत, म्हणजे धुराने शत्रू आतच गुदमरावा! आपल्या स्मरणिकांतून बहुतेक कुळांचा मूळ पुरुष कोठल्या तरी गडाचा किल्लेदार निघतो. त्या हौसेस माझी हरकत नाही. तथापि हा कातळ ज्या पाथरवटांनी छिन्नीने फोडला, त्यांचे वंशज म्हणून कोणी आपली ओळख सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

इतका दुर्घट किल्ला पडला कसा? हा प्रश्न वर्गात मुलेही विचारीत. १२९६ साली (जुन्या पुस्तकांत १२९४ आढळते) अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अकस्मात चालून आला. ज्या रामदेवरावाचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आहे, त्याचीच ती कारकीर्द. युवराज शंकरदेव फौज घेऊन दूर गेला होता. तो परतला, लढला, व रणात त्याची सरशीही होऊ लागली होती. इतक्यात वेढ्यावर ठेवलेली शत्रूची तुकडी धावून आली. दिल्लीहून मोठी फौज येत असल्याची हूल अल्लाउद्दीनाने आधीच उठविली होती. तीच फौज आली असे समजून यादवसैन्य फुटले. गडावर घाईने चढविलेली पोती उघडली तो त्यांत धान्य नसून मीठ निघाले, असे फरिश्ता लिहितो. त्याने हे सुमारे तीनशे वर्षांनंतर लिहिले, म्हणून पोत्यांविषयी शपथ घेता येणार नाही. पण दाणागोटा नव्हता हे मात्र पटते. १६३३ सालीही तसेच झाले. महाबतखानाच्या वेढ्यात अन्न संपले, शहाजीराजांची रसद पोहोचविण्याची खटपट निष्फळ झाली, आणि मलिक अंबरचा पुत्र फतहखान याने किल्ला स्वाधीन केला. खाली अवाढव्य हत्ती हौद आहे, म्हणजे पाण्याची तजवीज चोख. उणे पडे ते धान्याचे.

आणखी एक गोष्ट मुलाबाळांस अवश्य सांगावी. २५ जुलै १६२९ रोजी येथेच, निजामशाही दरबारात, जिजाबाईंचे पिते लखुजी जाधवराव यांचा पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांसह विश्वासघाताने वध झाला. वेढा नाही, रण नाही. मुजऱ्यास आलेल्या सरदारांस भर दरबारात कापले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवजन्म झाला. दोन प्रसंगांचा संबंध इतिहासकारांनी कसाही लावावा. पण कन्येच्या अंतःकरणातून ती वार्ता कधी पुसली गेली असेल असे मला वाटत नाही.

वर चढताना शाहजहानच्या काळची बारादरी लागते. तेथे क्षणभर विसावावे. माथ्यावरून खाली पाहिले म्हणजे एकाआड एक तटांची वर्तुळे, मध्ये १४४५ च्या सुमाराचा उंच चाँदमिनार, आणि त्याच्या अलीकडे चिनी महाल, जेथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा कैदेत होता. वायव्येस खुलदाबादचा डोंगर. तेथे मलिक अंबर व औरंगजेब दोघेही चिरविश्रांती घेत आहेत. त्यापलीकडे वेरूळ, भोसल्यांच्या पाटिलकीचे गाव. गडावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. एकनाथ महाराजांनी गुरुसेवा केली ती याच देवगिरीवर.

जाणे झाल्यास हिवाळ्यात, सकाळी लवकर निघावे. पायऱ्या शेकडो आहेत, काही उंचही आहेत. वृद्धांनी पुलापर्यंतच जावे. अंधारीत वटवाघळांचा फार सुळसुळाट असतो, तेव्हा विजेरी जवळ असावी आणि मुलांचा हात सोडू नये.