संगीताचे प्रक्षेपण व स्वामित्वधन

ध्वनिमुद्रित गीत नभोवाणीवरून, आंतरजालावरून किंवा स्मार्टफोनमधील ॲपद्वारे लोकांना ऐकविले जाते, तेव्हा त्या गीताच्या हक्कधारकांना द्यावयाच्या मोबदल्यास स्वामित्वधन असे म्हणतात. भारतात या मोबदल्याचा इतिहास नभोवाणीच्या प्रारंभापासून सुरू होतो. प्रक्षेपणाची साधने बदलत गेली, तसतसे त्याचे नियमही बदलले. तथापि गीतकार, संगीतकार व गायक यांचा वाटा किती, हा मूळ प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात या इतिहासाचे विवेचन सोलापूर जिल्ह्यातील गीतपरंपरेच्या संदर्भात केले आहे.

हक्कांचे स्वरूप : एका गीतात किमान तीन प्रकारचे प्रताधिकार एकत्र आलेले असतात. शब्दरचनेचा हक्क प्रथमतः कवीचा, चालीचा संगीतकाराचा व ध्वनिमुद्रणाचा ते करविणाऱ्या निर्मात्याचा म्हणजे बहुधा ध्वनिमुद्रिका-कंपनीचा असतो. गायक-वादकांचा प्रयोगकर्त्याचा हक्क यांहून वेगळा असून तो भारतीय कायद्यात पुष्कळ उशिरा आला. प्रताधिकार अधिनियम, १९५७ हा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीपर्यंत व मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. १९९२ मध्ये ही मुदत ६० वर्षांची करण्यात आली. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो.

सोलापूरची गीतपरंपरा : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेले शाहीर रामजोशी सोलापूरचे. त्यांच्या लावण्या कोणीही गाव्या; त्यांवर कोणाचाही प्रताधिकार नाही. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिर या संस्थेने लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट काढला. त्यात रामजोशींच्या रचनेबरोबरच ग. दि. माडगूळकर यांची गीते असून संगीत वसंत देसाई यांचे आहे. या एकाच चित्रपटाच्या गीतांत हक्कांचे सर्व थर आढळतात. रामजोशींचे शब्द सर्वांसाठी खुले आहेत. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांची ६० वर्षांची मुदत उलटून गेली आहे. मात्र देसाई १९७५ मध्ये व माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले असल्याने चालींवरील हक्क २०३५ अखेरपर्यंत व माडगूळकरांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत टिकतो. बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–६९) यांच्या रचनांची मुदत २०२९ अखेरीस संपेल. मूळच्या मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातील प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांची भक्तिगीते व त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांची लोकगीते ध्वनिमुद्रिका व ध्वनिफीत यांच्याद्वारे घरोघरी पोहोचली. शाहिराला बिदागी समोरच्या श्रोत्यांकडून मिळत असे. ध्वनिमुद्रणामुळे गायक एका ठिकाणी व श्रोते दुसऱ्या ठिकाणी अशी स्थिती निर्माण झाली आणि बिदागी कोणी, कोणाला व किती द्यावी, हे ठरविण्यासाठी करार व कायदा यांची आवश्यकता भासू लागली.

आकाशवाणीचा काळ : मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये कंपनी बंद पडल्यावर हे कार्य सरकारने हाती घेतले व १९३६ मध्ये त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ध्वनिमुद्रिकांच्या प्रक्षेपणाचे परवाने देण्यासाठी कंपन्यांची फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली. आकाशवाणी स्वतःही गीतांची निर्मिती करवून घेई. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून प्रक्षेपित झाले, हे याचे सर्वश्रुत उदाहरण होय.

चित्रपटगीतांबाबत मात्र तेढ निर्माण झाली. बा. वि. केसकर हे १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात होय, या भूमिकेतून आकाशवाणीने गीतासोबत ते सांगणे बंद केले. तेव्हा निर्मात्यांनी प्रक्षेपणाची अनुमती काढून घेतली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्या केंद्रावरील बिनाका गीतमाला हा कार्यक्रम १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा प्रारंभ होऊन चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या. हा वाद निर्माते व सरकार यांच्यातील होता. कवी, संगीतकार व गायक यांना त्यात स्थान नव्हते.

१९७७ चा निर्णय : १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही स्वामित्वधन मिळावे, अशी मागणी केली. मोहंमद रफी यांचे मत असे होते, की ठरलेले मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो. या मतभेदामुळे काही काळ दोघांनी एकत्र गाणे थांबविले होते. गीतकार व संगीतकार यांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था मुंबईत स्थापन झाली. तथापि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशनविरुद्धच्या तिच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असा निर्णय दिला, की मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणात गायकाला कायद्याने कोणताच हक्क दिलेला नाही, याकडे लक्ष वेधले व संसदेने याचा विचार करावा, असे सुचविले. प्रयोगकर्त्यांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने.

दरम्यान ध्वनिफितींचा प्रसार झाला. स्वस्त फितींमुळे प्रादेशिक भाषांतील लोकगीते, भीमगीते व भक्तिगीते यांना मोठी बाजारपेठ लाभली. एकरकमी मानधनावर गाण्याची प्रथा मात्र कायम राहिली. या प्रथेचे परिणाम पुढे ॲपच्या काळात अधिक ठळक झाले.

खाजगी वाहिन्या : देशातील पहिली खाजगी एफ. एम. वाहिनी २००१ साली बंगलोर येथे सुरू झाली. २००५ च्या धोरणानुसार सोलापूरसारख्या मध्यम शहरांतही अशा वाहिन्यांना वाव मिळाला. वाहिन्यांनी ध्वनिमुद्रिका-कंपन्यांना द्यावयाचा दर प्रारंभी ‘निडल अवर’ या एककावर आकारला जाई. ग्रामोफोनच्या सुईवरून पडलेल्या या नावाचा अर्थ प्रत्यक्ष मुद्रित संगीत वाजल्याचा एक तास, असा आहे. लहान शहरातील वाहिनीस जाहिरातींचे उत्पन्न बेताचे. तिला महानगरी दर परवडणारा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये सक्तीच्या परवान्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर प्रताधिकार मंडळाने २५ ऑगस्ट २०१० रोजी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के इतके स्वामित्वधन ठरविले. उत्पन्नाशी निगडित असल्याने हा दर लहान वाहिन्यांस सुसह्य, तर कंपन्यांस अपुरा वाटला.

आंतरजाल-नभोवाणी : लहरींद्वारे होणाऱ्या प्रक्षेपणात एकच संकेत सर्व श्रोत्यांना मिळतो, श्रोते शंभर की लाख, हे केंद्रास निश्चितपणे कळत नाही. आंतरजालावर मात्र प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र प्रवाह जातो व त्याची नोंद राहते. म्हणून प्रत्येक श्रवणागणिक मोबदला आकारणे प्रथमच शक्य झाले. अमेरिकेत १९९५ व १९९८ च्या कायद्यांनी आंतरजाल-नभोवाणीवर ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन लागू केले. तेथील पारंपरिक नभोवाणी-केंद्रांना मात्र हे स्वामित्वधन द्यावे लागत नाही. तेथील स्वामित्वधन मंडळाने २००७ मध्ये एका श्रोत्याने एक गीत ऐकल्यास २००६ साठी ०·०००८ डॉलर व वाढत जाऊन २०१० साठी ०·००१९ डॉलर असे दर जाहीर केले. श्रोते वाढले की देणे वाढणार, पण उत्पन्न वाढेलच असे नाही. यामुळे अनेक आंतरजाल-केंद्रांनी २६ जून २००७ रोजी एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवून निषेध नोंदविला. पुढे २००८ व २००९ च्या कायद्यांन्वये तडजोडीचे दर ठरले. २००८ च्या जुलैत ॲपलचे ॲप-भांडार उघडल्यावर पँडोरासारखी आंतरजाल-नभोवाणी संगणकावरून खिशातील दूरध्वनीवर आली.

२०१२ ची दुरुस्ती : भारतात कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत व संसदेबाहेर गीतकार-संगीतकारांची बाजू हिरिरीने मांडली. मे २०१२ मध्ये संसदेने संमत केलेली दुरुस्ती २१ जून २०१२ पासून अमलात आली. तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा वापर वगळता अन्य वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार व संगीतकार यांना वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. तसा करार निरर्थक ठरतो. दुसरी, ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापराबद्दल गायकांनाही स्वामित्वधन मिळण्याची तरतूद झाली. तिच्या आधारे २०१३ मध्ये गायकांची हक्कसंस्था स्थापन झाली. तिसरी, कलम ३१-ड नुसार प्रक्षेपण करणाऱ्यांना पूर्वसूचना व ठरीव शुल्क देऊन, मालकाच्या अनुमतीवाचून प्रकाशित संगीत वाजविता येऊ लागले.

ॲपचे युग व मुंबई उच्च न्यायालय : २०१० च्या सुमारास व त्यानंतर गाना, सावन, विंक इ. ॲप लोकप्रिय झाली. २०१८ मध्ये सावनचे जिओसावन झाले व २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर या ॲपद्वारे आकाशवाणीची केंद्रेही स्मार्टफोनवर ऐकता येऊ लागली. मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा नांदणाऱ्या सोलापुरात या साधनांचा एक विशेष उपयोग झाला. स्थानिक केंद्राच्या वेळापत्रकावर अवलंबून न राहता श्रोत्याला आपल्या भाषेचे संगीत हवे तेव्हा ऐकता येऊ लागले.

कलम ३१-ड चा लाभ अशा ॲपना मिळतो काय, हा कळीचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने आंतरजाल-प्रक्षेपणही या कलमात येते, असे ज्ञापन काढले. टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०१९ रोजी ते अमान्य केले. हे कलम नभोवाणी व दूरचित्रवाणी यांपुरतेच आहे. गीत उतरवून घेण्याची सोय देणे हे प्रक्षेपण नव्हे, तर विक्री वा भाड्याने देणे होय, असे न्यायालयाने म्हटले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने हा निर्णय कायम केला. परिणामी तेच गीत एफ. एम. वाहिनीवर ठरीव शुल्काने, तर ॲपवर मालकाशी केलेल्या करारानेच वाजविता येते. विंक हे ॲप बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केला. वाहिन्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ च्या अंतरिम आदेशात असे मत नोंदविले, की ध्वनिमुद्रणाखेरीज शब्द व चाल यांचेही स्वामित्वधन २०१२ च्या दुरुस्तीमुळे देय ठरते.

सद्यःस्थिती : ॲपचे वर्गणी व जाहिरात यांचे उत्पन्न सामान्यतः एकत्र करून एकूण श्रवणसंख्येतील प्रत्येकाच्या प्रमाणानुसार वाटले जाते. त्यामुळे मोठा संग्रह असलेल्या कंपन्यांकडे बहुतांश रक्कम जाते. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गीतास ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन न देण्याचे धोरण स्वीकारले. मर्यादित श्रोतृवर्ग असलेल्या स्थानिक लोकगीतांना अशा नियमाची झळ प्रथम लागते. दुसरी अडचण नोंदीची आहे. हक्कसंस्थेचे सभासदत्व व प्रत्येक रचनेची नोंद असल्याखेरीज कवी वा संगीतकार यांना वाटा मिळत नाही. फितींच्या काळातील पुष्कळ लोकगीतांवर केवळ गायकाचे व कंपनीचे नाव आढळते. कित्येकदा ‘पारंपरिक’ एवढाच उल्लेख असतो. अशा गीतांचा वास्तविक रचनाकार हयात असला, तरी कायद्याने दिलेला त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सोलापूर जिल्ह्यातील शाहीर, भजनी मंडळे व लोककलावंत यांच्या दृष्टीने म्हणूनच आज दरांच्या वादापेक्षा रचनांची नोंदणी हे अधिक निकडीचे कार्य आहे. जुन्या करारांचे कागद व मूळ फिती एखाद्याच्या घरी असल्यास त्या जपल्या पाहिजेत. कारण गीत कोणाचे, हे सिद्ध करण्यास पुष्कळदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.