श्वानासह परदेशी स्थलांतर : पूर्वतयारी सहा महिन्यांची

नोकरी, शिक्षण अथवा कौटुंबिक कारणास्तव परदेशी स्थायिक होणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांपुढे घरातील पाळीव श्वानाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. व्हिसा आणि तिकिटे हाती आल्यावर त्याच्या कागदपत्रांची चौकशी सुरू होते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या प्रवासास लागणारा अवधी विमान कंपनी ठरवीत नाही. तो रेबीज प्रतिबंधाच्या नियमांनी ठरतो.

भारतात रेबीजचा प्रादुर्भाव असल्याने युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका येथून येणाऱ्या श्वानांना अधिक कडक अटी लावतात. हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि संसर्गानंतर लक्षणे प्रकट होण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे लसीकरणाचा दाखला पुरेसा मानला जात नाही. प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचा पुरावा आणि त्यानंतरचा प्रतीक्षाकाळ, दोन्ही आवश्यक असतात.

क्रम महत्त्वाचा

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप श्वानाच्या त्वचेखाली बसविली जाते. तिच्यावरील १५ अंकी क्रमांक हीच त्याची ओळख असते. चिप आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार असावी. रेबीजची लस त्यानंतरच द्यावयाची असते. चिप बसविण्यापूर्वी टोचलेली लस ग्राह्य धरली जात नाही आणि सर्व प्रक्रिया पुन्हा आरंभावी लागते.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार लसीकरणाच्या वेळी पिलाचे वय किमान १२ आठवडे असावे लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलीटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक आढळले पाहिजे. नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने लोटल्यावरच प्रवेश मिळतो. साहजिकच सुमारे सात महिन्यांहून लहान पिलाला भारतातून थेट तेथे नेता येत नाही. लसीची मुदत संपण्यापूर्वी पुढील मात्रा दिल्यास मात्र रक्तचाचणी पुन्हा करावी लागत नाही.

देशोदेशीचे नियम

ब्रिटनमध्ये पूर्वी भारतातून आणलेल्या श्वानास सहा महिने विलगीकरणात राहावे लागे. २०१२ पासून नियमांची पूर्तता करणाऱ्या श्वानांसाठी ही अट उरलेली नाही. रक्तचाचणी आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा तेथेही आहे. शिवाय आगमनापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमींवरील औषध पशुवैद्याकरवी द्यावे लागते. विमानाने येणारे पाळीव श्वान तेथे मालवाहतुकीद्वारेच उतरविता येतात. पिट बुल टेरिअर, एक्सएल बुली यांसारख्या काही जातींवर तेथे बंदी आहे.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू केले. श्वानाचे वय किमान सहा महिने असावे लागते. भारतासारख्या रेबीजच्या अधिक जोखमीच्या देशात लस घेतलेला श्वान ठराविक विमानतळांवरच उतरविता येतो आणि तेथील नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. रक्तचाचणीचा ग्राह्य अहवाल नसल्यास २८ दिवसांचे विलगीकरण अटळ असते.

ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे तेथे श्वान थेट नेता येत नाही. तो आधी मान्यताप्राप्त देशात न्यावा लागतो आणि पुढे मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील केंद्रात ठेवला जातो.

भारतातील प्रमाणपत्र

प्रवासापूर्वी अखेरच्या दिवसांत केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद येथे या सेवेची केंद्रे आहेत. युरोपीय संघात प्रवेशासाठीचे प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसच चालते. त्यामुळे विमान चुकल्यास कागदपत्रांची मुदतही हुकण्याचा धोका असतो.

प्रवासातील काळजी

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार पिंजरा इतका मोठा हवा, की श्वानाला नैसर्गिकरीत्या उभे राहता, वळता आणि आडवे होता यावे. हवा खेळती राहावी, पाण्याचे भांडे आत जोडलेले असावे आणि तळाशी ओलावा शोषणारे अंथरूण असावे. हा पिंजरा कित्येक आठवडे आधी घरी आणून श्वानाला त्यात झोपण्याची सवय लावणे हितावह ठरते. गुंगीचे औषध मात्र टाळावे. त्याचा श्वसनावर आणि रक्तदाबावर विपरीत परिणाम होऊ शकतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत आणि तणावात श्वास घेणे कठीण जाते. म्हणून काही विमान कंपन्या त्यांना नाकारतात, तर काही उन्हाळ्यात निर्बंध घालतात.

अतिवृद्ध अथवा हृदयविकार असलेल्या श्वानाला हा प्रवास झेपेल काय, हे पशुवैद्याने तपासून सांगावयाचे असते. नेणे शक्य नसल्यास त्याला परिचित, प्रेमळ घर मिळवून देण्यासही अवधी लागतो. रस्त्यावर सोडून दिलेला घरगुती श्वान फार काळ तग धरू शकत नाही आणि पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा कायद्याने गुन्हाही आहे. त्यामुळे परदेशी जाण्याचा विचार पक्का होताच, तिकिटे काढण्यापूर्वी, त्या देशाचे अद्ययावत नियम पाहून मायक्रोचिप आणि लसीकरणाच्या तारखा निश्चित करणे इष्ट ठरते.