साहेबाचे कट्टे आणि समुद्राचा वास

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला: 'परग्रहावर जीवसृष्टी सापडली!' मी लिहिलं, "काका, थांबा. आधी विजयदुर्गाला जाऊन येऊ."

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. मीही एका जुन्या एपिसोडमध्ये हेच ठोकून दिलं होतं. चुकलोच. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. भारतात, गुंटूरला, दुर्बीण लावून बसला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा प्रकाश वर्णपटात फोडून पाहिला. सोडियमच्या रेघांशेजारी एक पिवळी रेघ होती, पण ती सोडियमची नव्हती. विजयदुर्गाला तो आला थेट २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. कट्ट्यांचं नातं त्या मोहिमेशी.

आता खरी गंमत. नुसत्या एका रेघेवरून नवं मूलद्रव्य? अनेकांना पटेना. १८९५ साली रॅम्सेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ दिसली, तेव्हा कुठे शंका मिटली. मध्ये गेली तब्बल २७ वर्षं!

काकांच्या बातमीमागेही रेघांचीच विद्या आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो, आणि प्रत्येक वायू आपापले रंग गिळून टाकतो. २०१८ मध्ये हबल दुर्बिणीने हाच हेलियम एका परग्रहाभोवती असा पकडला. के२-१८बी हा ग्रह १२४ प्रकाशवर्षं दूर. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूला जेम्स वेब दुर्बिणीतून तिथे डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्या. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांमुळे तयार होतो. समुद्राचा जो वास येतो ना, त्यात याचाही वाटा असतो. म्हणजे विजयदुर्गाच्या तटावर उभं राहिलात की नाकात जातो तोच!

पण तीच आकडेमोड इतरांनी पुन्हा केली, तर खूण पुसट निघाली. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही सापडलाय. तिथे कुठला आलाय जीव?

हे सगळं मी व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. काकांचा रिप्लाय आला, "म्हणजे मी २०५२ ला फॉरवर्ड करू?"