कारखाना बंद पडला, बोट उरली: मालकांचा क्लब सोर्स म्हणून कसा वाचायचा?

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. वस्तू बनवणारी कंपनी बंद पडली, पण वस्तू अजून वापरात आहे. मग तिचा इतिहास शोधायला कुठे जायचं? आपण सवयीने म्हणतो, कंपनीच्या कागदपत्रांकडे. पण कंपनी विकली जाते, पुन्हा विकली जाते, आणि या खांदेपालटात कागद कुठल्या कुठे जातात. अशा वेळी एक वेगळाच सोर्स हाती लागतो: मालकांचा क्लब.

उदाहरण घेऊ पीअर्सन ट्रायटनचं. ही सुमारे साडेअठ्ठावीस फुटांची शिडाची बोट. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ब्रिस्टल नावाचं गाव आहे. तिथे क्लिंटन आणि एव्हरेट पीअर्सन या चुलतभावांनी १९५०च्या दशकात छोट्या होड्या बनवल्या. मोठ्या बोटीचा आराखडा काढला कार्ल आल्बर्ग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या डिझायनरने. जानेवारी १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ट्रायटन लोकांसमोर आली. किंमत १०,००० डॉलरच्या आत. उत्पादन थांबेपर्यंत अशा ७००च्या आसपास बोटी तयार झाल्या.

हे शक्य झालं फायबरग्लासमुळे. कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील, तेच हे मटेरियल. काचेच्या तंतूंचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन चढवायचं, असे थरावर थर द्यायचे. साचा एक, बोटी शेकडो. शिवाय लाकडासारखं हे कुजत नाही. याचा परिणाम मात्र तेव्हा फारसा कुणाच्या लक्षात आला नसावा. बोट कंपनीपेक्षा जास्त जगली. पीअर्सन कंपनी १९९१मध्ये बंद पडली. ट्रायटन आजही पाण्यात आहेत.

आता मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डेक एके ठिकाणी पायाखाली दबतोय. विचारायचं कोणाला? कारखाना नाही, सुटे भाग नाहीत. मग तसलीच बोट असलेला दुसरा मालक शोधायचा. क्लब उभा राहतो तो या गरजेतून. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात ट्रायटन एकमेकींशी शर्यत लावायच्या, म्हणून तिथे नियम ठरवणारी संघटनाही लागली. बोटी सारख्या असतील तरच शर्यतीला अर्थ! त्यामुळे कोणता बदल चालेल आणि कोणता नाही, हा वाद अशा संघटनांच्या पाचवीलाच पुजलेला असतो.

क्लब चालवायचा म्हणजे मुख्यतः तीन कामं, आणि तिन्ही बहुतेक विनामोबदला. पहिलं, वार्तापत्र काढणं. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते सडतं. फायबर कुजत नाही, आतलं लाकूड कुजतं. ते कापून कसं काढलं, नवीन कसं बसवलं, हे एक मालक लिहितो आणि बाकीचे वाचतात. दुसरं, वर्गणी आणि भेटीगाठी. तिसरं आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, रजिस्टर. बोट विकली की नवा मालक तिचं नाव बदलतो, बंदर बदलतं. क्रमांक तेवढा तोच राहतो. अमेरिकेत बोटीच्या सांगाड्यावर ठरावीक पद्धतीचा ओळखक्रमांक सक्तीचा झाला नोव्हेंबर १९७२पासून. ट्रायटनचं उत्पादन त्याआधीच संपलं होतं. म्हणजे या बोटींसाठी कारखान्याचा क्रमांक आणि त्यावरून मालकांनी केलेली यादी, हाच मुख्य धागा.

आता माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी अशीच एक यादी घेतली, नोंदी मोजल्या आणि लिहून टाकलं की इतक्या बोटी टिकल्या. गाईडनी एवढंच विचारलं, “ही बोटींची यादी आहे की पत्रांना उत्तर देणाऱ्या मालकांची?” मी गप्प. वर्गणी न भरणारा मालक यादीत नसतो. अंगणात गवतात पडलेली बोट यादीत नसते. उलट, कधीच मोडीत निघालेल्या बोटीची जुनी नोंद तशीच राहिलेली असू शकते. तेव्हा यादी हाती आली की आधी विचारा: नोंद कोण करतं, कधी करतं, आणि खोडतं कोण?

दुसरा सापळा म्हणजे क्लबमधल्या कथा. जुन्या फायबरग्लास बोटींबद्दल एक गोष्ट हमखास ऐकू येते: “तेव्हा या मटेरियलची ताकद कोणालाच माहीत नव्हती, म्हणून बोटी जाडजूड बनवल्या.” ऐकायला छान. पण १९६०मध्येच गिब्ज अँड कॉक्स या जहाज-आराखड्यांच्या कंपनीने फायबरग्लास बोटींच्या डिझाइनचं सविस्तर मॅन्युअल प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे अज्ञान सरसकट नव्हतं. गोष्ट पूर्ण खोटी आहे असं नाही, पण ती आपल्या बोटीचं कौतुक करणाऱ्यांनी सांगितलेली आहे, हे विसरायचं नाही.

तिसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त अवघड. साच्यात उतरून, रेझिनच्या वासात थर चढवणारे कामगार कोण होते? वार्तापत्रात डिझायनर भेटतो, मालक भेटतात. कामगार क्वचितच भेटतो. त्याच्यासाठी जनगणना, स्थानिक वर्तमानपत्रं, मुलाखती असे दुसरे सोर्स शोधावे लागतात.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण हे कागद बहुतेक वेळा ग्रंथालयात नसून कुणा सेक्रेटरीच्या घरातल्या कपाटात असतात. ती व्यक्ती म्हातारी झाली, घर विकलं, की खोकी रद्दीत. बोट काचेची असल्याने टिकते, पण तिची माहिती कागदाचीच.

तुमच्या विषयातही अशी एखादी वस्तू असेल, स्कूटर, रेडिओ, छपाईयंत्र, काहीही. प्रपोजल लिहिण्याआधी तिचे मालक शोधा. यादी कोणाकडे आहे ते विचारा, आणि परवानगी मिळाली तर पहिल्याच भेटीत तिचे फोटो काढून ठेवा. विश्लेषण नंतरही करता येईल.