डोंगरावर जाणे : फेरो बेटांतील श्रम, क्रीडा आणि हक्क

उत्तर अटलांटिक महासागरातील १८ फेरो बेटे म्हणजे समुद्रातून वर आलेली एक डोंगररांगच होय. तिचे सर्वोच्च शिखर ८८० मीटर उंच आहे. उष्ण सागरी प्रवाहामुळे तेथे थंडी फारशी तीव्र नसते. परंतु ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो आणि वारा व धुके यांमुळे डोंगरवाटा धोक्याच्या होतात. अशा ऋतूतही डोंगर चढणारे व धावणारे लोक पाहिले म्हणजे ही व्यायामाची प्राचीन परंपरा असावी, असे अनुमान सहज केले जाते. यांतील क्रिया प्राचीन आहे, यात शंका नाही. तथापि तिला ‘व्यायाम’ हे नाव देणे कितपत युक्त आहे, हे तपासले पाहिजे.

बेटांचे नाव मेंढ्यांवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. इ. स. १२९८ मध्ये ड्यूक होकोन मॅग्नुसन याने दिलेले ‘मेंढीपत्र’ हा तेथील प्रसिद्ध प्राचीन विधिलेख होय. कुरणाचा हक्क, मेंढ्यांची संख्या, त्या हाकण्याची रीत आणि कुत्र्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई हे त्याचे विषय. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘श्वानपत्रा’त तर कोणत्या गावाने किती कुत्रे पाळावेत, हेही ठरवून दिले आहे. मेंढ्या हिवाळाभर उघड्यावर राहत. म्हणून त्यांच्या मागे माणसालाही डोंगरावर जावे लागे. फेरो भाषेतील ‘फ्यालगोंगा’ या शब्दाचा अवयवार्थ ‘डोंगरावर जाणे’ इतकाच. परंतु रूढार्थ मेंढ्या हाकून आणण्यासाठी डोंगरावर जाणे असा आहे. लोखंडी टोकाची काठी घेऊन निघालेला माणूस तेथे आपले काम करीत होता आणि हक्कही बजावीत होता.

याच्या उलट, आज ‘क्रीडा’ या अर्थी रूढ असलेल्या फेरो शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स ‘इथ्रोत्त’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘कौशल्य’ असा व्यापक होता. बाराव्या शतकात ऑर्कनी बेटांचा अर्ल रोग्नवाल्ड याने एका पद्यात आपली नऊ कौशल्ये सांगितली आहेत. त्यांत बर्फावरील घसरपट्ट्या, नेमबाजी व वल्हवणे यांच्या जोडीला रूनलिपी, ग्रंथवाचन, वीणावादन आणि काव्यरचनाही आहे. डोंगर चढणे मात्र त्यात नाही. ही सरदाराची यादी आहे. जे प्रत्येक मेंढपाळाला करावेच लागे, त्याची तीत गणना होण्याचे कारण नव्हते.

हा शब्दार्थ शारीरिक क्रीडेपुरता संकुचित झाला, त्याला पुढे संस्थांचे बळ मिळाले. १८९२ मध्ये सुदुरोय बेटावर फुटबॉलचा संघ स्थापन झाला, १९३९ मध्ये फेरो क्रीडासंघ अस्तित्वात आला, आणि १९८९ मध्ये बेटांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा तेथे भरल्या. त्याच काळात रस्ते व बोगदे यांनी डोंगर ओलांडण्याची गरज कमी केली. गासादालुर या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे १८७३ पर्यंत दफनभूमी नव्हती. प्रेत खांद्यावर घेऊन डोंगरापलीकडे न्यावे लागे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोगदा होईपर्यंत टपालही पायी डोंगर ओलांडूनच येत असे. आज तीच वाट लोक हौसेने चालतात.

गरज संपली तेव्हा श्रमाचा व्यायाम झाला. हक्क मात्र संपला नाही. कुरणे आजही मेंढ्यांची आहेत, आणि अलीकडे काही ठिकाणी जमीनधारक डोंगरवाटेसाठी शुल्क घेऊ लागले आहेत. पाहुण्याला हे नवे वाटते. वस्तुतः या वादात १२९८ चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे, की डोंगरावर कोणी व कशासाठी जावे. जुन्या लेखांत ‘व्यायाम’ शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती क्रीडेचा इतिहास तर लागत नाहीच, पण श्रम करणारा माणूसही दृष्टीआड होतो.